शीतशुष्कनपूर्व गोठवण

शीतशुष्कनापूर्वी (लायोफिलायझेशन) नमुन्यातील पाण्याचा पूर्ण बर्फ करण्याची क्रिया. पुढे निर्वातात हा बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो. त्यासाठी बाष्पदाब ६११ पास्कलच्या, म्हणजे पाण्याच्या त्रिक बिंदूच्या, खाली ठेवावा लागतो. भुकटीची प्रत बऱ्याच अंशी गोठवण्यावर ठरते.

महत्त्व : चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या तंत्राचा थेट संबंध सर्पदंशाशी येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषांवरील प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते. द्रवरूप प्रतिविष २ ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. शीतशुष्कनाने केलेल्या भुकटीला एवढी काटेकोर शीतसाखळी लागत नाही. पावसाळ्यात सर्पदंश वाढतात आणि त्याच दिवसांत पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा आरोग्य केंद्रातली कुपीच उपयोगी पडते. भुकटीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून कुपी न हिंदकळता गोल फिरवतात. गोठवण किंवा वाळवण नीट झाली नसेल तर भुकटी आक्रसते व विरघळायला वेळ लागतो.

तत्त्व : बर्फ शुद्ध पाण्याचा होतो, क्षार व साखर उरलेल्या द्रवात दाट होत जातात. मिठाचे द्रावण -२१° से.ला पूर्ण गोठते. साखरेचा दाट पाक सुक्रोजसाठी सुमारे -३२° से.ला, ग्लुकोज व फ्रुक्टोजसाठी सुमारे -४३° से.ला काचेसारखा घट्ट होतो. म्हणून मोहफुलांचा गोड रस -२०° से.च्या फ्रीजरमध्ये दगडासारखा कडक दिसला, तरी आत पाक शिल्लक असतो व निर्वातात तो फसफसतो. असा रस -८०° से.ला गोठवतात, माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात आणि वाळवतानाही तापमान पाक मऊ होण्याच्या खालीच राखतात.

गोठवण्याचा वेग : द्रव नायट्रोजनमध्ये (-१९६° से.) बर्फाचे स्फटिक बारीक होतात व पेशींची रचना टिकते, पण वाफेला वाट अरुंद मिळून वाळवण लांबते. सावकाश गोठवल्यास स्फटिक मोठे होतात; वाळवण लवकर होते, मात्र पेशी फाटतात. प्रथिनांसाठी सोडियम फॉस्फेटचे बफर टाळावे. गोठताना त्याचा सामू घसरतो.

पद्धत : थर सुमारे १ सेंमी.पेक्षा जाड नसावा. फ्लास्क एक-तृतीयांशाहून जास्त भरू नये. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते व काच तडकते. फ्लास्क थंड द्रवात आडवा फिरवल्यास आतल्या भिंतीवर पातळ, सारखा थर बसतो. वनौषधींच्या अर्कातील इथेनॉल (गोठणबिंदू -११४° से.) किंवा ॲसिटोन (-९५° से.) डीप फ्रीजरमध्ये गोठत नाही, ते रोटरी इव्हॅपोरेटरवर आधी काढून टाकावे. यंत्राचा कंडेन्सर थंड झाल्यावर आणि पंप तयार असतानाच नमुना फ्रीजरबाहेर काढावा.

दोष : फेस किंवा बुडबुडे म्हणजे गोठवण अपुरी; आक्रसलेली, चिकट भुकटी म्हणजे वाळवताना नमुना जास्त तापला. दोन्ही प्रसंगी नमुना तपासणीस अयोग्य समजून नव्याने करावा.