वैडूर्याचा गळा

ध्वनिक्षेपक म्हणजे गावाचा उसना गळा. आमच्या नेर परसोपंतात लग्न असो वा भागवत सप्ताह, कर्ण्यावाचून शोभा नाही. पण या गळ्याचे मर्म कर्ण्याच्या रुंद तोंडात नसून आत थरथरणाऱ्या पातळ पडद्यात असते. हा पडदा वजनाला हलका हवा आणि वाकायला हट्टी हवा, असे मी वर्गातल्या मुलांना सांगतो. सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे होताना तो जरा लवला, की सतारीचा झणकार बोथट झालाच म्हणून समजावे.

१९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला, तेव्हा पडदा कागदाचा होता. कागद मोठा गुणी. पण फार उंच स्वरांत त्याचा धीर सुटतो. जपानच्या यामाहा कंपनीने १९७४ साली यावर नामी तोड काढली. तिच्या एनएस-१०००एम या ध्वनिक्षेपकात खर्जासाठी ३० सेंटिमीटरचा कागदी पडदाच होता. मधल्या स्वरांसाठी ८.८ आणि तारस्वरांसाठी ३ सेंटिमीटरचा घुमट मात्र बेरिलियम धातूचा! हा धातू ॲल्युमिनियमहून हलका आणि पोलादाहून ताठ. ठोकू जावे तर तडकतो. म्हणून निर्वात पोकळीत त्याची वाफ करून साच्यावर थर बसवीत. आज शौकीन ही पेटी जिवापाड जपतात.

आता गंमत पाहा. हा धातू बेरिल नावाच्या खनिजातून निघतो, आणि हिरवेगार बेरिल म्हणजेच आपला पाचू. १७९८ मध्ये व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञाला या मूलद्रव्याचा माग लागला तो बेरिल आणि पाचू यांतच. 'बेरिल' शब्दाचे मूळ भाषापंडित प्राकृतातल्या 'वेळुरिया'त, म्हणजे आपल्या वैडूर्यात दाखवतात. आपला शब्द ग्रीकांकडे गेला आणि शेवटी जपानी पेटीत बसून गाऊ लागला!

परंतु वाचकहो, या गळ्यात विषही आहे. बेरिलियमची धूळ श्वासावाटे गेली, तर फुप्फुसांना कायमचा रोग जडू शकतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे प्रकाशनळ्यांच्या कामगारांतला असा रोग १९४६ साली डॉ. हॅरिएट हार्डी यांनी उजेडात आणला. १९४९ मध्ये नळ्यांतून बेरिलियम हद्दपार झाले. आपल्याकडे नवी मुंबईत वाशी येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने हा धातू काढण्याचा कारखाना उभारला. अशा ठिकाणी हवेतल्या कणाकणावर पहारा ठेवावा लागतो.

अखंड घुमट घरात निरुपद्रवी असतो; फुटला, तर त्याला हात लावू नये. पाचूच्या अंगठीचे मोल सराफ सांगतो. या गळ्याचे मोल करताना मात्र, तो घडवणाऱ्यांचा श्वास शाबूत राहिला की नाही, हे आधी विचारावे.