अपूर्णांक : अर्थ आणि प्रकार

एखाद्या वस्तूचे समान भाग करून त्यांपैकी काही घेतले असता मिळणारी संख्या म्हणजे अपूर्णांक, ही शालेय व्याख्या सर्वपरिचित आहे. ३/४ मध्ये किती समान भाग केले ते ४ हा छेद सांगतो. त्यांपैकी किती घेतले ते ३ हा अंश दर्शवितो. मात्र ५/४ समोर येताच ‘चार भागांतून पाच कसे घ्यावयाचे?’ असा प्रश्न विद्यार्थ्यास पडतो. कारण ‘भाग’ हा अपूर्णांकाचा केवळ एक अर्थ आहे.

दुसरा अर्थ भागाकाराचा. पाच भाकऱ्या चौघांत सारख्या वाटल्यास प्रत्येकास ५/४, म्हणजे सव्वा भाकरी मिळते. तिसरा गुणोत्तराचा. एक वाटी उडीद डाळीस तीन वाट्या तांदूळ घेतल्यास डाळीचे तांदळाशी प्रमाण १/३ असते. मिश्रणातील तिचा वाटा मात्र १/४ होय. चौथा अर्थ संख्यारेषेवरील बिंदूचा. ५/४ चे स्थान १ व २ यांच्या दरम्यान आहे.

अंश छेदाहून लहान असल्यास छेदाधिक अपूर्णांक (३/४), मोठा असल्यास अंशाधिक (५/४) आणि पूर्णांकासह लिहिल्यास पूर्णांकयुक्त अपूर्णांक (१ पूर्णांक १/४) म्हणतात. १/२, २/४, ३/६ हे सममूल्य अपूर्णांक होत. छेद १०, १००, १००० असा असल्यास तो दशांश अपूर्णांक म्हणून ०.७५ असा लिहिता येतो.

बेरजेपूर्वी छेद समान का करावे लागतात? १/२ आणि १/३ यांचे भाग निरनिराळ्या आकाराचे आहेत. अंशात अंश व छेदात छेद मिळविल्यास २/५ येतात, म्हणजे अर्ध्याहूनही कमी! ३/६ + २/६ = ५/६ हेच खरे उत्तर.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त पूर्णांकात अपूर्णांक मिळविण्यास ‘भागानुबंध’ आणि वजा करण्यास ‘भागापवाह’ म्हटले आहे. मराठी बोलीत हे दोन्ही आजही नांदतात. सव्वातीन म्हणजे ३ अधिक १/४. पावणेचार म्हणजे ४ उणे १/४. दीडशे, अडीच हजार या शब्दांत तर अपूर्णांकाने गुणाकारच होतो. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाढे पाठ करणाऱ्या पिढ्यांनी अपूर्णांक असा व्यवहारातून आत्मसात केला होता. व्याख्येआधी हे शब्द उलगडून दाखविले, तर आजच्या विद्यार्थ्यांचीही भीती बरीच कमी होईल.