पाच सूंची गाडी

तालुक्याच्या गावी जाणारी जीप कुठे वडाप म्हणून ओळखली जाते, कुठे काळी-पिवळी म्हणून. अनोळखी माणसे दाटीवाटीने बसतात, जो तो आपल्या जागेपुरते पैसे देतो, आणि सीट भरल्याशिवाय गाडी काही हलत नाही, हे तुम्हांला सांगायला नकोच. हल्ली मोठ्या शहरांतून मोबाइलवर अशीच भागीदारीतली मोटार मागवता येते, आणि ही अगदी नवी युक्ती आहे असे सांगितले जाते. पण ही कल्पना साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे बरं का! तिच्या मुळाशी एक असा गृहस्थ आहे की ज्याचे नाव शिक्षकमंडळी वर्गात फळ्यावर लिहितात : ब्लेझ पास्कल. द्रवाच्या दाबाचा नियम सांगणारा तोच हा.

१६६२ सालचे पॅरिस डोळ्यांपुढे आणा. श्रीमंतांच्या दारी गाडी-घोडे होते. भाड्याने गाडी मिळे, पण ती अख्खी घ्यावी लागे. बाकीच्यांनी चिखल तुडवीत पायी जायचे. अख्खी गाडी परवडत नसेल, पण तिचा आठवा हिस्सा तर परवडेल, असा हिशेब पास्कलने मांडला. आठ माणसांची गाडी, रस्ता ठरलेला, माणशी भाडे पाच सू. सू म्हणजे तिकडचे किरकोळ नाणे. आणि गाडी भरो वा न भरो, वेळ झाली की ती निघायची! वडापच्या नेमके उलट. पास्कलचा मित्र रोआनेचा ड्यूक आणि आणखी काही सरदार भांडवलाला उभे राहिले. चौदाव्या लुई राजाने परवाना दिला.

१८ मार्च १६६२ रोजी सकाळी सात वाजता सेंत आंत्वान वेशीपासून लक्झेंबर्ग राजवाड्यापर्यंत सात गाड्यांची ये-जा सुरू झाली. पास्कलची बहीण जिल्बेर्त हिने तीनच दिवसांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. लोक रस्त्यात ताटकळत उभे राहत. गाडी येई ती भरलेली. दुसरी येईल म्हणून मनाची समजूत घालावी, तर तीही भरलेली. खुद्द तिच्यासमोरून एकामागून एक पाच गाड्या भरून गेल्या. भावाच्याच गाडीत बहिणीला जागा नाही!

पण ज्यांना जागा मिळायचीच नव्हती, अशी माणसे वेगळीच होती. राजाचा हुकूम दप्तरी नोंदवताना पॅरिसच्या वरिष्ठ न्यायपीठाने त्याला एक अट जोडली : शिपाई, हुजरे, वर्दीतले नोकर आणि अंगमेहनतीचे मजूर यांना या गाड्यांत बसता येणार नाही. कारण काय, तर प्रतिष्ठित नागरिकांची सोय व मोकळीक! म्हणजे गाडीवानाचा भाऊ मजुरी करीत असेल, तर त्याने खिशात पाच सू असूनही गाडीमागून चालायचे.

इकडे पास्कलची धडपड पाहा. त्या साली ब्ल्वा गावाकडे अन्नान्नदशा झाली होती. गाड्यांतल्या आपल्या हिश्शापोटी एक हजार फ्रँक आगाऊ घेऊन तिथल्या गरिबांना पाठवावेत, असा त्याने धोशा लावला. धंद्याचा अजून भरवसा नाही, थोडे थांब, असे बहिणीने त्याला समजावले. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो वारला. तोवर पाच मार्ग सुरू झाले होते. पुढे भाडे सहा सू झाले, गर्दी ओसरली आणि १६७७ च्या सुमारास गाड्या बंद पडल्या. भाडेवाढ हे एक कारण दिले जाते. मला मात्र ती अटच अधिक घातक वाटते. जे रोज पायपीट करीत होते त्यांनाच वगळल्यावर उरले ते बहुतेक हौसेचे प्रवासी, आणि हौस किती दिवस टिकणार?

त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८२६ साली, फ्रान्समधल्याच नांत शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या माणसाने गावाबाहेरच्या आपल्या स्नानगृहाकडे गिऱ्हाइके नेण्यासाठी गाडी सुरू केली. लोक आंघोळीला न जाता वाटेतच उतरू लागले. बोद्री हुशार, त्याने स्नानगृह बाजूला ठेवून गाड्याच वाढवल्या. त्यांना नाव पडले ‘ऑम्निबस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. व्याकरण शिकवणाऱ्यांना यात गंमत वाटेल. त्या शब्दात ‘सर्व’ हा अर्थ पुढच्या भागात आहे. शेवटचे ‘बस’ हे नुसते विभक्तीचे शेपूट, आपल्या ‘ना’सारखे. लोकांनी पुढचा भाग गाळला आणि शेपूट तेवढे ठेवले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी एस. टी. बस निघाली, ती हेच शेपूट लावून.