तगर नगर, जटामांसी आणि बायबलांतील सुगंधी तैल

बेथानी येथें एका स्त्रीनें येशूस मोलवान् सुगंधी तैल लाविल्याची कथा बायबलाच्या नव्या करारांत आहे. मार्काच्या मतें तें मस्तकावर ओतलें, योहानाच्या मतें पायांस लाविलें. त्याचें मोल तीनशें दीनारांहून कमी नव्हतें, असें मार्काच्या वृत्तांतावरून दिसतें. मत्तयानें मजुराचा रोज एक दीनार दिला आहे; तेव्हां ही वर्षभराची मजुरी झाली. योहानानें तैलाचें वजन एक 'लित्रा', म्हणजे आपले सुमारें २८ तोळे, सांगितलें आहे. मूळ ग्रीक शब्द 'नार्दोस'. मराठी बायबलांत त्यास जटामांसी म्हटलें आहे.

सोलापूर प्रांताच्या अभ्यासकास येथें एक प्रश्न सुचतो. बार्शीच्या पूर्वेस धाराशिव जिल्ह्यांत असलेलें तेर तेंच प्राचीन तगर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' हें बिरुद लावीत. तगर हें जटामांसीच्या जवळच्या एका सुगंधी मुळीचेंही नांव आहे. तेव्हां हें द्रव्य तेरच्या पेठेंतून पश्चिमेस गेलें, असें मानावें काय?

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ग्रंथांत या व्यापाराची माहिती आहे. त्यांत नार्दोस उज्जयिनीहून भडोचेस उतरे, गंगामुखाच्या बंदरांतून निघे व दक्षिणेंत मुझिरिस येथेंही मिळे, असें आहे. पैठणहून अकीकासारखे दगड व तगरहून पुष्कळ साधें कापड आणि मलमल भडोचेस जाई. समुद्रकांठच्या मुलुखांतील इतर मालही तगरास येई. या इतर मालांत गंगेकडील नार्दोस असणें अशक्य नाहीं. परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे. ग्रंथकारानें तगरच्या नांवापुढें कापड लिहिलें आहे, सुगंधी मुळी नव्हे. गांवाचें व वनस्पतीचें नांव एक एवढ्यावरून व्यापार सिद्ध होत नाहीं, असें आमचें मत आहे.

नांवांचा घोळ येथेंच संपत नाहीं. 'नार्दोस' व हिब्रू 'नेर्द' यांचें मूळ संस्कृत 'नलद' शब्दांत शोधितात, व तो शब्द अथर्ववेदांत आहे. परंतु अमरकोशांत 'नलद' हा वाळ्याचा पर्याय असून जटामांसी निराळी दिली आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७९० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत प्राचीनांचा नार्दोस म्हणजे जटामांसी असें ठरविलें, व तें आज मान्य आहे. मात्र त्यांनीं दिलेलें 'व्हॅलेरियाना जटामांसी' हें शास्त्रीय नांव आज तगराकडे गेलें आहे. खऱ्या जटामांसीस 'नार्डोस्टॅकिस' म्हणतात. प. कृ. गोडे यांनीं १९४५ सालीं 'गंधवाद' ग्रंथाच्या एका दुर्मिळ पोथीचें परीक्षण केलें; तिजवर मराठी टीकाही आहे, व गोडे यांनीं तिचा काळ सुमारें १३५० ते १५५० ठरविला. अशा पोथ्या वाचितांना नलद, मांसी व तगर हीं तीन द्रव्यें संदर्भ पाहून वेगळीं ओळखलीं पाहिजेत.

आजही सोलापूर-बार्शीकडे काष्ठौषधी विकणारांकडे जटामांसी मिळते. तिळेल किंवा खोबरेल तेलांत ती उकळून केशतैल करितात; दिवाळीच्या उटण्यांत व धुपांत ती घालितात; निद्रानाशावर वैद्य ती देतात. प्लिनीच्या काळीं तिची कणसें पौंडास शंभर दीनारांपर्यंत विकत व तींत भेसळ होई. भेसळीची तक्रार आजही आहे. मुळीसाठीं सबंध झाड उपटावें लागत असल्यानें हिमालयांतील ही वनस्पति आतां दुर्मिळ झाली आहे, व १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

प्राचीन काळाविषयीं पेरिप्लसच्या पलीकडे जाण्यास नवें उत्खनन पाहिजे. मध्ययुगाविषयीं मात्र साधन आपल्याच घरीं असण्याचा संभव आहे. बार्शी, पंढरपूर व सोलापूर येथील जुन्या पेढ्यांच्या मोडी चोपड्यांत जटामांसीचें वजन, भाव व ती कोठून आली याची नोंद आढळल्यास ती एक ओळही आमच्या तर्कांहून अधिक मोलाची ठरेल. असे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां तपासून पाहावे, एवढीच विनंती.