चौकटीतला माणूस



ज्याचा जन्म कामगारांच्या सभांत गेला, त्याने छायाचित्रांच्या स्पर्धांवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु चित्राची चौकट आखणारा एक निवाडाच देत असतो. आत कोणी यावे आणि बाहेर कोणी राहावे, हे तो ठरवितो. या निवाड्याचा इतिहास थोडक्यात आपल्यापुढे ठेवतो.

इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन नावाचे नामांकित छायाचित्रकार होऊन गेले. १८५८ साली त्यांनी मरणोन्मुख मुलीचे एक चित्र केले. ते पाच निगेटिव्ह एकत्र छापून जुळविलेले होते आणि ती मुलगी चांगली धडधाकट होती! १८६९ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. तोल, तिरप्या रेषा, छायाप्रकाश यांचे चित्रकलेतले नियम त्यात त्यांनी छायाचित्रकाराला समजावून दिले. हौशी मंडळींनी तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला. नियम वाईट नव्हते. मात्र खरी खेडूत मुलगी कॅमेऱ्यापुढे अवघडते, म्हणून रॉबिन्सन ओळखीच्या सुखवस्तू मुलींना खेडवळ कपडे चढवीत. कष्टाचा वेष हवा, कष्टकरी नको, असा हा प्रकार!

याला पीटर हेन्री इमर्सन या डॉक्टरने कडाडून विरोध केला. १८८६ साली नॉरफोकच्या पाणथळ मुलखातील लव्हाळे कापणारे, नावाडी, कोळी यांची चित्रे त्याने प्रसिद्ध केली. माणसे कोठे उभी राहावीत हे तोही सांगे, पण ती त्या कामाची माणसे होती. १८८७ साली लंडनच्या ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ साप्ताहिकाच्या स्पर्धेत हाच इमर्सन परीक्षक होता. पहिले बक्षीस त्याने बर्लिनमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या तरुणास दिले. चित्र होते इटलीतल्या बेल्लाजिओ गावच्या हसणाऱ्या मुलांचे.

म्हणजे स्टिग्लिट्झ केवळ दैवावर विसंबला काय? मुळीच नाही. १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तो हिमवादळात सुमारे तीन तास उभा राहिला, तेव्हा कोठे मनासारखी घोडागाडी समोर आली. पुढे निगेटिव्हच्या कडा कापून त्याने नेमका भाग ठेवला. आधी जागा हेरावी, रेषा व उजेड पाहावा, मग थांबावे, ही त्याची शिकवण. मांडणी हीसुद्धा मेहनतच आहे. तिला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

या मेहनतीचे चीज लुइस हाइन याने केले. १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी तो कापडगिरण्यांत हिंडला. सूतकताईच्या लांबच लांब यंत्राशेजारी तो एखादी चिमुरडी उभी करी. यंत्राच्या रेषा दूरवर धावत आणि मुलीचे लहानपण डोळ्यांत भरे. स्वतःच्या कोटाची बटणे मोजून तो मुलांची उंची टिपून घेई. रॉबिन्सनांची तिरपी रेषा येथे साक्षीला उभी राहिली! एकट्या चित्रांनी कायदा झाला असे मी म्हणणार नाही. १९१६ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द ठरविला. टिकाऊ कायदा येण्यास १९३८ साल उजाडले. परंतु चळवळीच्या हाती पुरावा लागतो, आणि तो हाइनने दिला.

स्पर्धेत उतरणाऱ्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. कडेचा पसारा खुशाल कापा, काळवंडलेला चेहरा उजळा, प्रत नीट पुठ्ठ्यावर चढवा. परीक्षकाला स्वच्छ काम दाखविणे हा कारागिराचा धर्मच आहे. फक्त कात्री चालविण्यापूर्वी एकदा पाहा. ओझे वाहणाऱ्याचे ओझे तर कापले जात नाही ना? ओझे गेले की उरतो तो नुसता वाकलेला माणूस. आणि तो का वाकला, हे मग कोणालाच कळत नाही.