लखानी, करीम

अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक. नवोपक्रम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांचे अभ्यासक. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची पदवी. काही काळ वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगात नोकरी केल्यानंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पीएच.डी. मिळवली. २००६ पासून ते हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये अध्यापन करीत आहेत.

मुक्त स्रोत संगणकप्रणाली लिहिणारे लोक विनामोबदला का राबतात, हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय. पुढे खुल्या स्पर्धांतून अवघड प्रश्न सोडवून घेण्याच्या पद्धतीचा त्यांनी प्रयोगांनी कस लावला. प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या विश्लेषणाचा एक प्रश्न त्यांनी व सहकाऱ्यांनी ‘टॉपकोडर’ या प्रोग्रामरांच्या व्यासपीठावर मांडला. मुदत दोन आठवडे, बक्षिसे एकूण ६,००० डॉलर. १२२ जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतील उत्कृष्ट उत्तरे प्रचलित प्रणालीहून अचूक व कितीतरी वेगवान ठरली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मार्को इयान्सिटी यांच्यासह लिहिलेले ‘कॉम्पिटिंग इन द एज ऑफ एआय’ हे त्यांचे पुस्तक २०२० मध्ये निघाले. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवरील २०२३ च्या प्रयोगातही त्यांचा सहभाग होता. जीपीटी-४ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरणाऱ्यांनी सरासरी १२.२ टक्के अधिक कामे २५.१ टक्के अधिक वेगाने पूर्ण केली. मात्र या साधनाच्या आवाक्याबाहेरच्या कामात ते वापरणारे सल्लागार इतरांपेक्षा अधिक चुकले.