एक मूल, अनेक खाती: बोर्डीपासून पालघरपर्यंत

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न शिक्षणाचा होता. भावनगरला ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत केलेला बालशिक्षणाचा प्रयोग खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत न्यायचा, एवढा त्यांचा हेतू स्पष्ट होता. पण ज्यांच्यासाठी बालवाडी काढली, ती दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, अंगणवाडी झाली. तिथे जे दिसले, ते कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात एका जागी सापडले नसते. एखाद्या मुलाच्या अंगावर खरूज होती, एखादे उपाशी होते, एखादी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसली होती, तर एखादा मुलगा सकाळीच गुरांमागे निघून गेला होता. शिकवण्याआधी अंघोळ घालावी लागली, नखे कापावी लागली, खाऊ द्यावा लागला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरली. मोठी बहीण शाळेत यायची असेल, तर धाकट्याला सांभाळायची सोय आधी हवी, हे उत्तर कोणत्याही एका खात्याच्या कक्षेत बसणारे नव्हते. मुलाला पूर्ण पाहिल्यामुळेच ते सुचले.

बोर्डी-कोसबाड ज्यात येतात, त्या पालघरच्या पट्ट्याचा पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास तपासला, तर एक निष्कर्ष टाळता येत नाही. मुलाची गरज ओळखण्याचे काम अनेक खात्यांनी मिळून करायचे असेल, तर त्या खात्यांची माणसे एकत्र शिकलेली असावी लागतात. योजना एकत्र जोडल्या, पण माणसे वेगवेगळी घडवली, तर प्रत्येक जण आपल्या वाट्याचा तुकडा प्रामाणिकपणे मोजतो आणि मूल मात्र त्या तुकड्यांच्या मधल्या फटीत हरवते. कोसबाडला बालसेविकांचे प्रशिक्षण आणि मुलांचे निरीक्षण एकाच आवारात चाले. शिकणाऱ्या बाईसमोर आरोग्य, आहार, खेळ आणि घरची स्थिती हे वेगवेगळे विषय म्हणून येत नसत. त्या पाड्यावरच्या एका मुलाच्या रूपाने एकदम येत. अंगणवाडी पुढे देशभर पोहोचली. प्रशिक्षणाची ही रीत मात्र तिच्यासोबत तेवढी गेली नाही.

राष्ट्रीय पातळीवर मुलांच्या सेवा एकत्र जोडण्याचा विचार आला तोही विस्कळीतपणाच्या अनुभवातून. १९७२ मध्ये नियोजन आयोगाने नेमलेल्या आंतरमंत्रालयीन पथकांनी देशातल्या बालकल्याणाच्या कामांची पाहणी केली. आहाराची योजना एका खात्याकडे, लस दुसऱ्याकडे, बालवाडी तिसऱ्याकडे आणि व्याप्ती सर्वांचीच अपुरी, असे चित्र पुढे आले. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालक धोरण ठरले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. मेळघाटातील धारणी हा त्यांतला एक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा एका अंगणवाडीतून द्यायच्या ठरल्या. यांपैकी लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा या तिन्ही आरोग्य खात्यावाचून अशक्य होत्या. म्हणजे एकत्र काम करणे हा या योजनेचा पायाच होता. तरीही अंगणवाडी सेविकेचे प्रशिक्षण एका केंद्रात, मुख्यसेविकेचे दुसऱ्या, नर्सबाईचे तिसऱ्या संस्थेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचे वैद्यकीय महाविद्यालयात, अशी व्यवस्था राहिली. प्रत्येकीचा वरिष्ठ वेगळा, रजिस्टर वेगळे आणि महिन्याच्या अहवालाचा नमुनाही वेगळा होता.

याच काळात कोसबाडपासून फार दूर नसलेल्या कासा येथे डॉ. पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली मातृ-बाल आरोग्य आणि पोषणाचा प्रकल्प चालला. अर्धवेळ काम करणाऱ्या स्थानिक स्त्रिया घरोघर जाऊन मुलांची वजने घेत, जोखमीतली मुले वेगळी काढत आणि आरोग्य केंद्राची यंत्रणा त्यांच्या नोंदीवर विश्वास ठेवून पुढे काम करी. थोडे शिक्षण असलेली स्त्री मुलाची स्थिती अचूक ओळखू शकते, आणि तिने ओळखल्यावर डॉक्टरने ऐकायचे असते, या दोन्ही गोष्टी कासाने दाखवल्या. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हेच वेगळ्या मार्गाने सिद्ध केले. तिथे गावच्या आरोग्य सेविकांचे प्रशिक्षण एकदाच उरकले जात नसे. त्या नियमितपणे केंद्रात येत, आठवड्याचा अनुभव मांडत आणि डॉक्टर, परिचारिका व सामाजिक कार्यकर्ते यांच्यासोबत बसून त्यावर विचार करत. शिकणे आणि काम यांच्यात खंड पडत नव्हता. म्हणून एकाने पाहिलेले दुसऱ्याला समजत होते.

जिथे हे घडले नाही, तिथे त्याची किंमत मुलांनी मोजली. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, मेळघाटातले मृत्यू उच्च न्यायालयापर्यंत गेले. या भागांत योजना नव्हत्या असे म्हणता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे होती, अंगणवाड्या होत्या, आश्रमशाळा होत्या, रोजगार हमीचा कायदाही होता. पण मूल उपाशी आहे हे एकाला कळे, त्याला न्यूमोनिया झाला आहे हे दुसऱ्याला, आणि त्याचे आईबाप कामासाठी गाव सोडून गेले आहेत हे तिसऱ्याला. मोजमापाचीही हीच गत होती. अंगणवाडीत वयानुसार वजन पाहून श्रेणी ठरे, तर रुग्णालयात उंचीच्या मानाने वजन किंवा दंडाचा घेर पाहून तीव्र कुपोषण ठरे. एकाच मुलाबद्दल दोन खात्यांचे दोन निकाल लागू शकत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असत. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक बालमृत्यू प्रत्यक्षात होत असल्याचे त्याने दाखवले. ज्या व्यवस्थेत मृत्यूचीही नोंद निसटते, त्या व्यवस्थेत जिवंत मुलाची गरज नीट नोंदली जात असेल, असे मानणे कठीण आहे.

शासनाने धडा घेतला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ च्या नवसंजीवन योजनेने आदिवासी भागांत आरोग्य, आहार, रेशन, रोजगार आणि पिण्याचे पाणी या कामांची सांगड जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली घातली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. त्याआधी औरंगाबाद विभागात व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने प्रशासनाने प्रत्येक मुलाचे वजन प्रामाणिकपणे नोंदवण्याचा आग्रह धरला होता, त्याचेच हे विस्तारलेले रूप. खरा आकडा लिहिणाऱ्या सेविकेला शिक्षा होणार नाही, हा भरवसा आणि महिला-बालविकास व आरोग्य या दोन खात्यांना एका टेबलावर बसवणे, हे या मिशनचे मोठे काम. २०१२ च्या पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालील खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ च्या मानाने लक्षणीय घटून सुमारे २४ टक्क्यांवर आलेले दिसले. त्याचे सगळे श्रेय एका मिशनला देता येणार नाही; त्या काळात उत्पन्न वाढले होते, दवाखान्यातली बाळंतपणे वाढली होती. पण खाती एकत्र बसली त्याच काळात हे घडले, याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. कुपोषणाचे मूळ दारिद्र्यात आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती कामाअभावी, मग सेविका आणि नर्सबाईंच्या संयुक्त प्रशिक्षणाने काय होणार? आक्षेपातले सत्य मान्यच केले पाहिजे. मजुरी, जमीन आणि पाणी यांना पर्याय म्हणून कोणतेही प्रशिक्षण पुढे करता येत नाही. पण हाच आक्षेप संयुक्त पाहणीची गरज अधिक ठामपणे सांगतो. मुलाच्या घटत्या वजनामागे स्थलांतर आहे, हे वजनकाटा सांगत नाही. ते अंगणवाडी सेविकेला, शाळेच्या गुरुजींना आणि ग्रामसेवकाला मिळून कळते, आणि उत्तर रोजगार हमीच्या कामातून किंवा भट्टीजवळच्या अंगणवाडीतून द्यावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के आढळले. म्हणजे त्या काळात सुधारणा थांबली. आहाराच्या पाकिटापुरते पाहणारी व्यवस्था यापुढे जाऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी अधिकाऱ्यांचा असतो: सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. तेही खरे आहे, आणि त्यावर उपाय इतिहासातच आहे. कोसबाडला आणि कासाला मुलाचे नाव घेऊन पाठपुरावा करणारी एक विशिष्ट स्त्री होती; बाकीचे तिच्या मदतीला होते. महिला-बालविकास आणि आरोग्य या दोन्ही खात्यांनी मिळून काढलेले माता व बाल संरक्षण कार्ड हे त्याच दिशेचे पाऊल आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरमधूनच झाली, आणि आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब तपासू लागली. पण पथक निघून गेल्यावर उरते ती सेविका. तिच्याकडून सर्व खात्यांचे काम अपेक्षित आहे, आणि तरी तिला पगार नाही, मानधन मिळते. तिचे प्रशिक्षण अजूनही तिच्या खात्यापुरते आहे. सेविका, आशा कार्यकर्ती, नर्सबाई, पहिलीचे शिक्षक आणि आरोग्य पथकाचे डॉक्टर यांना दरवर्षी काही दिवस एकाच वर्गात, त्यांच्याच गावातल्या मुलांच्या नोंदी समोर ठेवून शिकवणे, आणि त्या वर्गात सेविकेचा शब्द डॉक्टरइतकाच गांभीर्याने घेणे, हा खर्च मोठा नाही. ताराबाई आणि अनुताईंच्या नावाने गौरव करणाऱ्या राज्याने त्यांच्या कामाचा हा अर्धा भागही स्वीकारला पाहिजे. त्यांनी बालवाडी मुलाच्या दारी नेली; आता खात्यांनी एकमेकांच्या दारी जायला शिकण्याची वेळ आहे.